फ्रॉकच्या बंद गळ्याआड

पत्र :

“माझं वय अडुसष्ट, राहणार दांडिया बाजार, वडोदरा. नात नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेत चौथीला आहे. जन्मली तेव्हा दुसऱ्याच दिवशी अंग निळं पडलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या उलटसुलट जोडल्या गेल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं. अकराव्या दिवशी अहमदाबादला ऑपरेशन झालं. सव्वीस दिवस आयसीयूत होती, मधे एकदा झटकेही येऊन गेले. आता दरवर्षी इको होतो आणि हृदय उत्तम आहे म्हणतात.

पण अभ्यासाचं काही खरं नाही. फळ्यावरचं उतरवून घेता येत नाही. तीन कामं सांगितली की एक करते. गणितात आकडे वरखाली होतात, कंपासपेटी रोज हरवते. अथर्वशीर्ष मात्र तोंडपाठ आहे, भेंड्या खेळायला बसली की कुणाला हार जात नाही. बाई म्हणतात आळशी आहे, मन लावत नाही. मुलगा चिडतो, एकदा त्याने हात उचलला. सून तिच्या वह्या स्वतःच पूर्ण करून देते. मुली तिला खेळायला घेत नाहीत.

शाळेत ऑपरेशनचं सांगितलेलं नाही. मीच सांगू दिलं नाही. मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचं. फ्रॉकसुद्धा बंद गळ्याचेच शिवते. तिला सांगितलंय, लहानपणी पडली होतीस. आता रात्री झोप येत नाही. भुलीचं औषध मेंदूत गेलं असेल का? सुनेनं ग्रहण पाळलं नव्हतं, त्याचं काही? शेजारीण म्हणते, घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी, म्हणून पोर गोंधळते. मराठी बंद करू का? एक वर्ष मागे बसवावं का?”

उत्तर :

काकू,

आधी ग्रहणाचं बोलू. ते नऊ वर्षं तुमच्या सुनेच्या डोक्यावर बसलेलं असणार, तुम्ही तोंडाने बोलला नसलात तरी. बाळाचं हृदय आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या गरोदरपणाच्या पहिल्या आठ आठवड्यांत घडतात. बरेचदा तोवर घरात धड बातमीही कळलेली नसते. जन्मणाऱ्या दर हजार बाळांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून जास्त बाळं दरवर्षी जन्माला येतात, आणि त्यांत ग्रहण कडक पाळलेल्या घरांतलीही असतात. सुनेचं काही चुकलेलं नाही. हे तुम्ही स्वतः तिला सांगा, आजच सांगा. माझ्या सदरात छापून आलेलं वाचण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकण्याची तिला जास्त गरज आहे.

आता भुलीचं. तुमच्या नातीला जो दोष होता त्यात ऑपरेशन केलं नाही तर बहुतेक बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत. तेव्हा अकराव्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी जे केलं ते बरोबरच केलं. पण भुलीला एकटीला पकडून उपयोग नाही, कारण गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावर सुरूच होत नाही. ती पोटात सुरू होते. एरवी वारेतून आलेलं ताजं, प्राणवायूने भरलेलं रक्त हृदयातून आधी मेंदूकडे वळतं. नळ्यांची अदलाबदल झालेली असली की ते ताजं रक्त दुसऱ्याच वाटेला लागतं आणि मेंदूच्या वाट्याला कमी प्राणवायूचं रक्त येतं. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूला घड्या पडत असतात, नसांची जोडणी चाललेली असते. नेमक्या त्याच काळात ही ओढाताण. अशा बाळांचे एमआरआय अमेरिकेत ऑपरेशनच्या आधी काढून पाहिले, तेव्हा पूर्ण दिवसांच्या बाळाचा मेंदू साधारण महिनाभर अपुऱ्या दिवसांच्या बाळासारखा दिसला. म्हणजे थोडं मागून निघालेलं हे पोर. त्यात जन्मानंतर निळं पडलेले दिवस, हृदय-फुप्फुसाच्या मशीनवरचे तास, नंतरचे झटके, सव्वीस दिवसांची आयसीयू. एकेक गोष्ट थोडी थोडी भर घालत जाते. लांबलेला मुक्काम आणि झटके या दोन्ही गोष्टी पुढच्या अडचणींशी जोडलेल्या आढळल्या आहेत, आणि तुमच्या पत्रात दोन्ही आहेत.

अशा मुलांचं पुढे काय होतं हे कळावं म्हणून बोस्टनच्या डॉक्टरांनी १९८८ पासून १७१ बाळं अभ्यासाला घेतली. सगळ्यांना तुमच्या नातीचाच दोष, सगळ्यांचं तेच, नळ्या अदलून जागेवर जोडण्याचं ‘स्विच’चं ऑपरेशन. त्यांना प्रश्न पडला होता मशीनचा : ऑपरेशनच्या वेळी शरीर थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवावं, की अगदी मंद चालू ठेवावं? मुलं एक, चार, आठ आणि सोळा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा पुन्हा तपासलं. लहानपणी दोन गटांत जो फरक दिसला होता तो सोळाव्या वर्षापर्यंत बराचसा पुसट झाला. पण दोन्ही गटांत एक गोष्ट सारखी राहिली. सरासरी बुद्धी इतर मुलांच्या जवळपास, आणि तरीही जवळजवळ दोन तृतीयांश मुलांना शाळेत कधी ना कधी जादा शिकवणीची किंवा वागणुकीसाठीच्या मदतीची गरज लागलेली. ही ठार मंद मुलं नव्हती. हुशार म्हणावं तर वही कोरी, मठ्ठ म्हणावं तर बोलणं चटपटीत, अशी मधल्या फटीत अडकलेली. तुमचं पत्र वाचताना मला तीच आठवली.

बघा ना, अथर्वशीर्ष पाठ आहे आणि कंपासपेटी हरवते. घरच्यांना यात लबाडी दिसते, ‘हवं तेव्हा बरं लक्षात राहतं’. पण ऐकलेलं ओळीने म्हणत जाणं हे एक काम आहे, आणि मनात चार गोष्टी धरून त्यांची मांडामांड करणं हे वेगळंच. फळ्यावर नजर टाकायची, शब्द मनात धरायचा, मान खाली घालायची, वहीत नेमकी जागा शोधायची, अक्षर काढायचं, पुन्हा वर बघून मघाची ओळ सापडवायची. आपल्याला यात काही वाटत नाही. या मुलांना नेमकं हेच जड जातं. जागेचा अंदाज, कामाचा क्रम, आवर घालणं, लक्ष एकीकडून दुसरीकडे नेणं. गणितात आकडे वरखाली होतात तेही यातलंच. मैत्रिणींचंही मूळ इथे असू शकतं. समोरचीचा चेहरा वाचणं, चेष्टा आणि खरं यातला फरक पटकन ओळखणं, खेळाचा नियम मधेच बदलला तर जुळवून घेणं, हे यांतल्या पुष्कळ मुलांना उशिरा जमतं.

चौथीतच का, हेही सांगते. बालवाडीत आणि पहिलीत बाई मुलाचं सगळं मांडून देतात. चौथीत वेळापत्रक, प्रकल्प, उत्तराची मांडणी, सगळं मुलानेच सांभाळावं अशी अपेक्षा असते. नात बिघडलेली नाही काकू, मागणी वाढली आहे. बाईंना त्यात आळस दिसला, कारण त्यांना दुसरं काही माहीतच नाही. ते तुम्ही माहीत होऊ दिलेलं नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. तीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा यायचा, अक्षर वाईट म्हणून. मी त्याच्याकडून वर्षभर गिरवून घेतलं. रडकुंडीला यायचा. वर्ष संपता संपता उन्हाळ्यात तो उघडा खेळत असताना त्याची छाती दिसली, वरपासून खालपर्यंत रेघ. आईला विचारलं तर म्हणाली, ‘ते तर हृदयाचं, त्याचा अक्षराशी काय संबंध?’ चूक तिची नव्हती. मी पहिल्या दिवशी जन्माची सगळी हकीकत विचारायला हवी होती, ती विचारली नाही. त्या पोराचं एक वर्ष मी चुकीच्या कामाला लावलं. तेव्हापासून मी कोणत्याही मुलाला हात लावण्याआधी त्याची जन्मापासूनची फाईल बघते.

तेव्हा शाळेत सांगा. पुढच्या आठवड्यात सून आणि मुलगा दोघांनी जाऊन वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना भेटावं, ऑपरेशनच्या कागदाची एक प्रत द्यावी आणि वर्गात याची चर्चा होऊ नये एवढं स्पष्ट सांगावं. लग्नाची तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या घरांत मुलीच्या अंगावरचा डागसुद्धा मोजतात, हे मला माहीत आहे. पण हे लपवून राहणारं नाही. तिला जन्मभर हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं आहे. तिच्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना हे माहीत नसेल तर तिच्या जिवाशी खेळ होईल. ज्या घराला हे सांगता येणार नाही त्या घरात तिला द्यायचीच कशाला?

आता तपासणी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सांगून ठेवलंय की, तान्हेपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलांचा विकास ठरावीक वयांत तपासावा : तान्हेपणापासून पहिली दोन-तीन वर्षं, शाळेत घालण्याआधी तीन ते पाच वर्षांत, मग शाळेत असताना, अकरा-बारा वर्षांच्या आसपास पुन्हा. मूल वरवर ठीक दिसत असलं तरीही. आपल्याकडे इको चुकत नाही, पण याची आठवण कुणी करून देत नाही. आणि वाईट याचं वाटतं, की आपल्याच गावात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या वाढीची मोजमापं बसवली. १९७० साली त्यांचा अहवाल आला. देशभर ज्यांना ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणतात ती हीच. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आजही देशातले बालरोगतज्ज्ञ त्याच कामावर उभी असलेली चाचणी वापरतात. तुमची नात वर्षाची असताना ती झाली असती तर पुष्कळ आधी हाताला काही लागलं असतं. असो. नऊ हे वयही उशिराचं नाही.

नऊ वर्षांच्या मुलीसाठी चाचण्या वेगळ्या. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. या मुलांत ऐकण्याची कमतरता जास्त आढळते आणि ती सहज निसटते. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि लोहही बघून घ्या, कारण लोह कमी असलं की लक्ष टिकत नाही. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. चौकशीची सुरुवात सयाजी हॉस्पिटलच्या बालविभागात करा. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची सोय आहे, आणि विकासाच्या तपासणीसाठी जिल्ह्यात डीईआयसी नावाची केंद्रं असतात, त्याबद्दल तिथे विचारा. सायकॉलॉजिस्टना सांगा की, एकच बुद्ध्यांक काढून परत पाठवू नका. लक्ष, काम होईपर्यंत गोष्टी मनात धरून ठेवण्याचं स्मरण, जागेचा अंदाज, हाताचा वेग, वाचन-गणित आणि वागणूक असं वेगवेगळं बघा. एका आकड्यात नातीची खरी अडचण बुडून जाईल. चाचणी दोन बैठकांत होऊ द्या, थकलेल्या मुलीचे गुण खरे नसतात. आणि ती स्वप्नं कोणत्या भाषेत बघते ते त्यांना आधीच सांगा, सूचना त्या भाषेत मिळायला हव्यात. सोबत ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, झटक्यांची नोंद, आणि तिच्या खऱ्या वह्या न्या. खऱ्या म्हणजे सुनेने न लिहिलेल्या.

भाषेचा प्रश्न इथेच सोडवू. मराठी बंद करू नका. तीन भाषांनी मेंदू बिघडत नाही. वडोदऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या आपण घरात मराठी, मांडवीच्या बाजारात गुजराती आणि शाळेत तिसरीच भाषा बोलत वाढलो. जी भाषा आजीची आहे, जिच्यात ती अथर्वशीर्ष म्हणते आणि भेंड्या जिंकते, तीच तिची सगळ्यात भक्कम बाजू आहे. ती काढून घेतली तर पोरीकडे जिंकायला उरेल काय? वर्ष मागे बसवायचंही आत्ता मनात आणू नका. तोच धडा त्याच पद्धतीने पुन्हा शिकवून अडचण हलत नाही, वरून होत्या नव्हत्या मैत्रिणी सुटतात. तपासणीनंतर तज्ज्ञांनी कारण देऊन सांगितलं तर पुन्हा बोलू.

शाळेकडे मागायचं ते फार नाही. फळ्यावरचा मजकूर छापील कागदावर द्यावा. एका वेळी एकच सूचना, आणि तिच्याकडून ती परत म्हणवून घ्यावी. गणिताला चौकटीची वही, म्हणजे आकडा आपल्या घरात राहतो. लिहायला थोडा जास्त वेळ. चाचणीत शिकण्याची विशिष्ट अक्षमता निघाली तर २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात तिची नोंद आहे, आणि प्रमाणपत्र असलं की बोर्डाच्या परीक्षेतही जादा वेळ मिळतो. त्या शब्दाने दचकू नका. चष्म्याचा नंबर कळल्यावर आपण कुठे दचकतो?

मुलाला माझं सांगा, हात उचलण्याने आकडे सरळ रेषेत येत नाहीत. त्याने एक काम घ्यावं : रात्री दप्तर भरताना शेजारी बसायचं आणि भिंतीवर चिकटवलेली यादी तिला वाचू द्यायची. स्वतः भरायचं नाही. सुनेने वह्या लिहिणं थांबवावं, एकदम नव्हे, हळूहळू. वीस मिनिटं अभ्यास, मग उठायचं. अपुरं राहिलं तर अपुरंच पाठवायचं, बाईंना खरी वही दिसू दे. सून भीतीपोटी लिहिते हे मला समजतं. ज्या आईने सव्वीस दिवस काचेबाहेर उभं राहून काढले, तिच्याच्याने पोरीची कोरी वही बघवत नाही. तिलाही कुणीतरी जवळ बसवून विचारा, कशी आहेस. आईच्या मनावरचा ताण मुलाच्या वाढीपर्यंत पोचतो, हेही या मुलांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आणि तुम्ही. तुमच्याकडे गोष्टी असणार. सांगा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून उलट ऐका, आधी काय झालं, मग काय, शेवटी काय. थालीपीठ लावताना तिला बरोबर घ्या : कोणतं पीठ आधी, पाणी कधी, तवा कधी ठेवायचा, पुढचं पाऊल तिला सांगू द्या. चुकली तर थालीपीठ चुकेल, एवढंच. बुद्धी तल्लख करण्याच्या महागड्या क्लासांत मी असते तर पैसे घातले नसते. तिथे शिकलेलं तिथेच राहतं, दप्तरापर्यंत येत नाही.

हे वाचून ज्या घरांत छोट्या छिद्राचं निदान झालेलं बाळ आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. एकच लहान छिद्र, मूल कधी निळं पडलेलं नाही, झटके नाहीत, दवाखान्यातून लवकर घरी, अशी बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात. जास्त लक्ष लागतं ते तान्हेपणी मोठं ऑपरेशन झालेल्या, निळ्या पडलेल्या, महिनोन्‌महिने दवाखान्यात राहिलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या, किंवा डाऊन सिंड्रोमसारखा जनुकांचा दोषही असलेल्या मुलांकडे.

काकू, सगळ्यात अवघड काम शेवटी ठेवलंय. ‘पडली होतीस’ हे खोटं तुम्ही तिला सांगितलं, ते तुम्हीच परत घ्या. नऊ वर्षांची मुलगी हे समजू शकते. आरशासमोर बसवा, रेघेवर तुमचं बोट ठेवा आणि तिची जन्मकथा सांगा : दोन नळ्यांची अदलाबदल, अहमदाबादचा रस्ता, काचेतली ती, आणि बाहेर उभे असलेले तुम्ही सगळे. रडू आलं तर येऊ दे. मग सांगा की, पोटात असताना मेंदूला थोडं कमी पडलं, म्हणून काही कामं तुला इतरांपेक्षा जड जातात, आणि त्यासाठी आपण मदत घेणार आहोत. स्वतःला मूर्ख समजणाऱ्या पोरीला याहून मोठा दिलासा दुसरा नाही.

नवरात्राला अजून दोन महिने आहेत. तुमच्या पत्रात गरब्याचा उल्लेख नाही, पण वडोदऱ्यातली नऊ वर्षांची मुलगी आणि बंद गळ्याचे फ्रॉक, एवढ्यावरून मी ओळखते की ती बाजूच्या खुर्चीवर बसून बघत असणार. या वेळच्या इकोला गेलात की डॉक्टरांना विचारा, खेळ, पळणं, गरबा यांतलं काय चालेल, आणि ते कागदावर लिहून घ्या. तोच कागद शाळेच्या पीटीच्या सरांनाही द्या. हो म्हणाले तर घरच्या घरी एखाद्या आतेबहिणीबरोबर आधी दोन टाळ्यांचा, मग तीन टाळ्यांचा गरबा शिकू द्या. पाऊल, टाळी, गिरकी आणि शेजारणीकडे लक्ष, यात तिला हवं तेच सगळं आहे. पहिले काही दिवस चुकेल, मग पाय धरतील. आणि चणियाचोळी शिवायला टाकाल तेव्हा गळा कसा हवा, ते तिला विचारा.